डाव्या पायाची चप्पल

एका हमरस्त्याचा लांबलचक उतार जिथे संपतो, त्या चौफुलीवर एकदा एक वृद्ध कारागीर चपला शिवायला येऊन बसला आणि तिथलाच झाला. पंचक्रोशीत सगळे त्याला वस्ताद म्हणत. त्यांच्या हातची चप्पल घातली की पायात काही आहे हेच माणूस विसरतो, अशी त्यांची ख्याती होती. स्वभाव मात्र कमालीचा मितभाषी. गिऱ्हाइकाने दहा वाक्यं बोलावीत आणि वस्तादांनी एक 'हं' म्हणावं, एवढंच संभाषण. त्यांच्या दुकानातल्या दोन गोष्टींचं लोकांना नवल वाटे. पहिली ही, की आजच्या काळात या माणसाकडे फोन नव्हता. दुसरी ही, की मागच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक जाडाभरडा पडदा टांगलेला होता आणि त्यामागे काय आहे ते कुणालाही ठाऊक नव्हतं.

त्यांच्या हाताखाली अंकुश नावाचा एक शिष्य होता. वय सत्तावीस, घरी बायको आणि दोन वर्षांची लेक. बुटांचा कारखाना बंद पडल्यावर हा हातकाम शिकायला आला आणि दोन वर्षांत चांगला तयार झाला. गाव उताराच्या वर, दहा-बारा किलोमीटरवर. रोज सकाळी तो मोटरसायकलने यायचा. गडी सज्जन. दारू नाही, शर्यत नाही, डोक्यावर हेल्मेट. सासरा चारचौघांत त्याचं उदाहरण द्यायचा, आता बोला!

पण एक गोष्ट होती. आपल्याकडे माणूस घराबाहेर पडला की पाठोपाठ काळजी निघते आणि ती फोनवरून जाते. पोचल्यावर विचारायचा प्रश्न आपण वाटेतच विचारतो. तुम्ही-आम्ही सगळेच विचारतो, उगाच माना हलवू नका. अंकुश घरातून निघाल्यावर बरोबर वीस मिनिटांनी, म्हणजे नेमका तो उताराला लागला की, त्याच्या बायकोचा, राजश्रीचा फोन यायचा. "पोचलात का?" आणि हा बहाद्दर डावा हात हँडलवरून सोडायचा, फोन हेल्मेटच्या आत कानाशी खोचायचा आणि म्हणायचा, "गाडीवर आहे, बोल."

मग लेकीने दूध घेतलं का, सिलेंडरवाला येऊन गेला का, हे सगळं उतारभर चालायचं. डोकं वाचवायला घेतलेल्या वस्तूचा त्याने फोनचा खिसा करून टाकला होता. आणि यात आपलं काही चुकतंय असं त्याला स्वप्नातही वाटत नव्हतं. उलट बायकोचा फोन एका रिंगमध्ये उचलतो, याचा त्याला अभिमानच होता.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी चौफुलीवर अपघात झाला. मोटरसायकलवरचा कॉलेजातला तरुण ट्रकच्या चाकावर जाऊन आदळला. वस्ताद आपलं वय विसरून धावले. खांद्यावरचं उपरणं फाडून त्यांनी त्या मुलाचं डोकं बांधलं, एक जीप अडवली, त्याला उचलून आत ठेवलं. लोक जमले, लोकांनी फोटो काढले, लोक गेले. कुणीतरी मोबाईल उचलून दिला, कुणीतरी वाकडी झालेली गाडी कडेला लावली. रस्ता पुन्हा वाहायला लागला. आणि तेव्हा अंकुशने जे पाहिलं त्याने तो चरकला. वस्ताद सावकाश रस्त्याच्या मधोमध गेले, इकडेतिकडे पाहिलं, तिथे पडलेला त्या मुलाचा एक बूट उचलला आणि उरलेल्या उपरण्याखाली धरून दुकानात आणला.

अंकुशला शिसारी आली. मरणाच्या दारातल्या पोराचा बूट? या माणसाला मी गुरू मानलं? वस्तादांनी बूट ओल्या फडक्याने पुसला, उसवलेली शिवण नीट घातली, पॉलिश केलं आणि पडद्याआड ठेवला. हे काय म्हणून विचारायची अंकुशची छाती झाली नाही आणि खरं उत्तर ऐकायची इच्छाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात शिरला, तर वस्ताद उत्तम कमावलेलं कातडं पुढ्यात घेऊन बसलेले. म्हणाले, "डावा पाय पुढे कर."

"माझा?"

"ज्याची चप्पल करायची आहे त्याचं आणि तुझं माप एकच आहे."

त्यांनी माप घेतलं, रापीने कातडं कापलं आणि आरी उचलून एक टाका घातला. एकच! मग ते काम बाजूला ठेवून दुसरं हातात घेतलं. अंकुश वाट बघत राहिला, उजव्या पायाचं कातडं कधी कापतात म्हणून. ते कापलंच नाही.

"वस्ताद, जोडी कधी लावायची?"

"जोडी लागणार नाही."

अंकुशने मनाशी अर्थ लावला. म्हणजे बिचाऱ्या गिऱ्हाइकाला एकच पाय असणार. तो स्वतः आतून जाड तळाचं कातडं निवडून घेऊन आला. म्हणाला, "हे लावा वस्ताद. सगळा भार या एका पायावर यायचा, तळ मजबूत पाहिजे." वस्तादांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. त्यांचे डोळे पाणावले होते, पण तोंडातून आलं ते फक्त 'हं'.

त्या चपलेचं काम म्हणजे एक कोडंच होतं. अंकुश दुकानात आला की वस्ताद आधी ती पुढ्यात ओढायचे. बहुतेक दिवशी एक टाका, कधी दोन. राजश्री भाचीच्या बारशाला माहेरी गेली होती आणि तिथे फोनला रेंज नव्हती, त्या आठ दिवसांत तर वस्तादांनी चपलेला हात लावला नाही. ती परतली आणि काम पुन्हा सुरू झालं. आता तुमच्या लक्षात आलंच असेल. अंकुशच्या आलं नाही. स्वतःची गोष्ट माणसाला अशीच शेवटी कळते. तो आपला थट्टा करायचा, "या वेगाने गेलात तर त्या माणसाला चप्पल पुढच्या जन्मी मिळायची."

"ते त्याच्या हातात आहे," वस्ताद म्हणायचे.

अशात फाल्गुन संपत आला. पाडव्याला दोन दिवस होते. अंकुश नेहमीसारखा उताराला लागला, नेहमीसारखा फोन वाजला, त्याने नेहमीसारखा तो हेल्मेटमध्ये खोचला. "गाडीवर आहे, बोल," म्हणेपर्यंत फोन कानावरून घसरला. तो धरायला डावा हात वर गेला, नजर क्षणभर खाली गेली आणि वर बघतो तर समोर ओव्हरटेक करणारी एसटी! कर्णकर्कश हॉर्न. त्याने गाडी कडेला ओढली, चाक खडीवर गेलं, गाडी गरकन फिरली आणि एका दगडाला टेकून उभी राहिली. एसटी वाऱ्यासारखी निघून गेली. फोन रस्त्यावर आपटून बंद पडला होता. अंकुशने तो उचलून पिशवीत टाकला, कपाळावरचा घाम पुसला आणि दुकानात येताना चेहऱ्यावर हसू चिकटवलं.

"आज थोडक्यात वाचलो बघा, वस्ताद! देवाची कृपा."

वस्ताद हसले नाहीत. त्यांनी ती चप्पल पुढ्यात घेतली, शेवटचा टाका घातला, दोरा कापला. म्हणाले, "झाली."

"झाली? मग आता द्यायची कधी? तो माणूस येणार आहे का?"

"आलाय."

अंकुशने दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. वस्ताद उठले, मागच्या भिंतीपाशी गेले आणि इतक्या वर्षांत कुणापुढे न सरकवलेला तो पडदा त्यांनी एका हाताने बाजूला केला.

आत फळ्याच फळ्या होत्या आणि फळ्यांवर पादत्राणं. प्रत्येक एकटं. रबरी स्लीपर. टाचेची सँडल. पोलिसाचा बूट. शाळेचा काळा बूट, त्याची नाडी व्यवस्थित बांधलेली. भाजीवालीची झिजलेली वहाण. वीतभरही नसेल असा एक लाल बूट, चालताना पिपाणीसारखा वाजणारा. कुठेही जोडी नाही. सगळी स्वच्छ पुसलेली, शिवलेली, पॉलिश केलेली. मधोमध मार्गशीर्षातल्या त्या मुलाचा बूट होता. शेवटच्या फळीवर एक जागा रिकामी होती. वस्तादांनी हातातली कोरी चप्पल त्या जागी ठेवली आणि तिचा अंगठा सरळ केला.

"ही तुझी, अंकुश."

अंकुशच्या अंगाचा तिळपापड झाला. "वस्ताद! काय अभद्र बोलताय? जित्या माणसाची चप्पल यांच्यात ठेवता? घरी लेकरू आहे माझं!"

"म्हणूनच चार महिने लावले. नाहीतर मला एक दिवस पुरला असता." वस्तादांचा आवाज शांत होता. "या गादीवर बसलं की सगळा उतार दिसतो. ज्या सकाळी तुझा डावा हात हँडलवरून सुटला त्या सकाळी मी एक टाका घातला. दोनदा सुटला, दोन टाके. ही चप्पल मी केली नाही रे. तूच करून घेतलीस. तळाचं कातडंसुद्धा तूच आणून दिलंस."

अंकुशला तो जाड तळ आठवला. तरी तो भांडला. माणूस भांडतोच. "मी हेल्मेट घालतो. चाळीसच्या वर गाडी नेत नाही. राजश्री काळजीने फोन करते, उचलला नाही तर जीव टांगणीला लागतो तिचा. मी काय हौसेने उचलतो? तिच्यासाठीच उचलतो ना!"

"हो," वस्ताद म्हणाले. "माझी कुंदाही माझ्यासाठीच उचलायची."

त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवरून एक पांढरी सँडल काढली. दवाखान्यात नर्स घालतात तशी, साधी. ती तळहातावर घेऊन ते खाली बसले. इतकं सलग बोलताना अंकुशने त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"माझी लेक. स्कूटीवरून ड्यूटीला जायची. तेव्हा माझ्याकडे फोन होता. मी विचारलं, कुठे आहेस? ती म्हणाली, गाडीवर आहे आबा, बोला. आता बघ, तिने मला सांगितलं होतं. गाडीवर आहे म्हणून सांगितलं होतं. तेव्हा मी 'ठेव' म्हणायला पाहिजे होतं. एवढा एकच शब्द. आणि मी काय विचारलं? डबा नेलास का. अरे, डबा नेलास का! तिने 'हो' म्हटलं. पुढे हॉर्न."

वस्तादांनी सँडल मांडीवर ठेवली.

"फोन बंद नाही पडला. चालूच होता. मी हाका मारत होतो आणि तिकडून लोकांचे आवाज येत होते. कुणी पाणी आणा म्हणे, कुणी नंबर घ्या म्हणे. शेवटी एक बाई म्हणाली, पोरीची एक चप्पल तिथेच राहिली बघा. मग कुणीतरी फोन ठेवला." त्यांनी सँडलच्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. "ती राहिलेली चप्पल उचलायला मी इथे आलो. मग गेलोच नाही. माणसाला उचलतात, गाडी उचलतात, चप्पल तिथेच राहते. न्यायला कुणी येईल म्हणून शिवून ठेवतो. इतक्या वर्षांत दोघे आले, त्यातला एक कुबडीवर. लोक म्हणतात, चालवणाऱ्याची चूक. असेल. पण बोलायला कानापलीकडे दुसरं माणूस लागतं. कुंदाच्या कानाशी मी होतो. तुझ्या कानाशी कोण आहे? ज्याच्या जिवासाठी तू फोन उचलतोस, अंकुश, त्यालाच तू ऐकायला बसवतोस."

पुढे हॉर्न. हे दोन शब्द अंकुशच्या डोक्यात घणासारखे पडले. तो ताडकन उठला. "वस्ताद... मघाशी... मघाशी राजश्री फोनवर होती. तिने हॉर्न ऐकलाय. आणि फोन बंद पडलाय माझा."

त्याने पिशवी पालथी केली. फोन हातात घेतला, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. काच तडकलेली, स्क्रीन काळीठिक्कर. आपण अर्धा-पाऊण तास इथे भांडत बसलो आणि तिथे ती... त्याला पुढचं मनात आणवेना. वस्तादांकडे फोन नव्हता. शेजारच्या चहावाल्याकडे धावावं म्हणून अंकुश बाहेर पडला आणि जागीच थिजला.

उतारावरून दुधाचा टेम्पो अगदी हळू येत होता. चालकाशेजारी राजश्री. मांडीवर लेक. अर्धं अंग खिडकीबाहेर काढून ती रस्त्याची कड न कड बघत होती. गटार बघत होती, खडी बघत होती, झुडपं बघत होती. नवऱ्याला उभा पाहून तिला आधी खरंच वाटलं नाही. टेम्पो थांबायच्या आत ती उतरली. तिच्या पायांत काही नव्हतं. घरातून तशीच धावत सुटली होती.

तिने लेकीला चहावाल्याच्या बाकावर बसवलं आणि अंकुशच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारायला सुरुवात केली. "हॉर्न वाजला, मग काहीच नाही! काहीच नाही! कितींदा लावला फोन मी! अहो, मी वर दगडापाशी टायरचे ओरखडे बघितले. खाली उतरून बघितलं मी. तुमची चप्पल तरी दिसते का, म्हणून बघत होते..." आणि ती रस्त्यातच मटकन बसली.

वस्ताद तांब्याभर पाणी घेऊन आले. राजश्री प्यायली, उरलेलं तोंडावर मारून घेतलं, मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "मीच मारलं असतं तुम्हाला. पोचलात का म्हणून विचारत मीच मारलं असतं."

"दोघांनी मिळून," अंकुश म्हणाला.

त्या दिवशी तो गाडीवर बसला नाही. तिघं टेम्पोतूनच घरी गेली. पाडव्यानंतर तो कामावर आला तेव्हा सगळा उतार वस्तादांनी डोळ्यांत तेल घालून पाहिला. दोन्ही हात हँडलवर होते. दुकानात शिरून त्याने आधी नवा फोन काढला आणि घरी लावला. "पोचलो." एवढंच बोलून ठेवला. वस्तादांनी शेवटच्या फळीवरची चप्पल खाली काढली, उजव्या पायाचं कातडं कापलं आणि एक टाका घातला.

असे रोज एक. पावसाळा गेला, गणपती गेले. दसऱ्याच्या सुमारास उजव्या पायाची चप्पल शेवटच्या टाक्यावर आली आणि तिथेच अडली. अंकुश रोज सरळ यायचा, हेल्मेटमध्ये फोन नसायचा, हात जागेवर असायचे. वस्ताद चप्पल हातात घ्यायचे, बघायचे आणि खाली ठेवायचे. आठवडा गेला, दुसरा गेला.

"वस्ताद, आता काय राहिलं? चुकतोय का कुठे?"

"हं."

एके दिवशी सकाळीच दुकानातलं कातडं संपलं. नवं कातडं घेऊन अंकुशचा मेहुणा निघाला होता, गिऱ्हाईक खोळंबलं होतं. अंकुशने त्याला फोन लावला. पलीकडून वाऱ्याचा आवाज आला आणि मग मेहुण्याचा. "गाडीवर आहे दाजी, बोला."

अंकुशची नजर पडद्याकडे गेली. तोंडावर आलेला 'कुठवर आलास' त्याने गिळला.

"ठेव."

"अहो दाजी, पण कातडं कोणतं आणलंय ते तरी..."

"ठेव म्हटलं ना. आधी गाडी कडेला घे, मग तूच कर." आणि त्याने स्वतःच फोन बंद केला.

मागून आरीचा आवाज आला. त्याने वळून पाहिलं. वस्तादांनी शेवटचा टाका घातला होता आणि ते दोरा कापत होते. त्यांनी दोन्ही चपला शेजारी शेजारी ठेवल्या, फडक्याने पुसल्या आणि अंकुशच्या पायांशी सरकवल्या.

"घाल," ते म्हणाले. "आता जोडी झाली."